चीनमध्ये इस्लाम कधी पोहोचला? फलकावर कोणतं साल लिहायचं?

फलक_इंदूर:
नमस्कार मंडळी. इंदूरच्या आमच्या मराठी वाचनालयात जुन्या सागरी व्यापारावर फलक-प्रदर्शन मांडतो आहोत. चीनमधल्या मुसलमानांच्या सुरुवातीच्या काळाचा फलक माझ्या वाट्याला आला आहे आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली आहे. एका ठिकाणी सुई घराण्याचा कैहुआंग काळ, म्हणजे ५८१ ते ६०० सापडतो. दुसरीकडे ६२८, त्याच्याबरोबर टांग सम्राट ताइझोंगला पडलेल्या स्वप्नाची गोष्ट. तिसरीकडे ६५१. शीआनच्या मोठ्या मशिदीतल्या शिलालेखावर ७४२.

पैगंबरांना पहिला साक्षात्कार ६१० च्या सुमाराला झाला, मग ६०० च्या आधी त्यांचा धर्म चीनला पोहोचेल कसा? आणि पैगंबरांचे सोबती साद इब्न अबी वक्कास यांची कबर ग्वांगझौला आहे असं बेधडक लिहावं का? कोणतं साल धरायचं, कशाच्या आधारावर, आणि काय टाळायचं, ते जाणकारांनी सांगावं. आपल्याकडच्या वाचकाला ओळखीचं वाटेल असं काही जोडता आलं तर फारच बरं.

मोडीवाचक_ग्वाल्हेर:
दादा, कैहुआंगचं साल हा कालगणनेचा घोळ आहे, आणि तो समजायला मराठी माणसाइतका सोयीचा वाचक नाही. आपल्या जुन्या कागदांत हेच गणित आहे.

हिजरी वर्ष शुद्ध चांद्र, ३५४ दिवसांचं (कधी ३५५). आपण अधिक महिना घालून चंद्राला सूर्याशी जुळवून घेतो, हिजरीत ते करत नाहीत. त्यामुळे दर वर्षी सुमारे ११ दिवस मागे पडतात आणि ३३ हिजरी वर्षं जवळजवळ ३२ सौर वर्षांएवढी भरतात.

आता मिंग काळात या. १३८२ मध्ये होंगवू सम्राटाने मुसलमानी ज्योतिषग्रंथ चिनीत आणायचा हुकूम दिला. त्यातून जे हुइहुइ, म्हणजे मुसलमानी, पंचांग तयार झालं, त्याच्या गणिताचा आरंभ कैहुआंगचं १९वं वर्ष, म्हणजे ५९९ असा दिला आहे. तो येतो असा: १३८४ मध्ये हिजरी ७८६ सुरू झालं. ७८६ ही चांद्र वर्षं आहेत हे विसरून ती सौर धरली आणि सरळ मागे मोजलं, की पहिलं वर्ष १३८४ उणे ७८५, बरोबर ५९९ ला पडतं. खरं म्हणजे ७८५ चांद्र वर्षं म्हणजे जेमतेम ७६२ सौर. मागे गेलात की ६२२, हिजरतीचं, म्हणजे पैगंबर मक्केहून मदिनेला गेले ते साल. मधली २३ वर्षं नुसत्या मोजणीतून जन्माला आली. पंचांगकर्त्याला गणितासाठी आरंभबिंदू हवा होता. पुढच्या लोकांनी तोच इतिहास म्हणून घेतला आणि धर्म सुई काळात आला असं शिलालेखांत कोरलं.

याला आपल्याकडचं उदाहरण जुन्या मराठी कागदांतला शुहूर सन. हिजरी ७४५ चालू असताना, १३४४ मध्ये, तोच आकडा सौर वर्षाला चिकटवला आणि मृगापासून साल पालटायचं ठरलं. म्हणून शुहूर सनात मृग ते डिसेंबर ५९९ आणि जानेवारी ते पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो. पानिपतचं घ्या, १४ जानेवारी १७६१. मराठी कागदांत 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे शुहूर ११६१. त्यात ६०० मिळवा, १७६१. त्याच दिवशी हिजरी मात्र ११७४ चालू होतं. १३४४ ला एक असलेले आकडे तोवर १३ नी फाकले होते.

शुहूर सन मागे मोजत नेला तर पहिलं वर्ष ६०० ला सुरू होतं, चिनी पंचांगात ५९९ ला. दोघांची गाठ १३४४ आणि १३८४ अशी चाळीस वर्षांच्या अंतराने बांधलेली आहे, आणि चाळीस वर्षांत फरक एखाद्याच वर्षाने वाढतो. शुहूर १ ला पैगंबर मदिनेला गेले असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही, तसंच ५९९ ला चीनमध्ये इस्लाम आला असंही म्हणता येत नाही. बीजिंगचे इतिहासकार छन युआन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा घोळ सोडवून ६५१ पुढे ठेवलं.

७४२ च्या शिलालेखाचं उत्तरही यातच आहे. त्या लेखात धर्म कैहुआंग काळात आल्याचं म्हटलं आहे. हे चुकीचं साल मिंग काळच्या मोजणीतून पसरलं, मग ७४२ मध्ये कोरणाऱ्याला ते सुचेल कसं? शिवाय पैगंबरांचं नाव ज्या चिनी अक्षरांत लिहिलंय ती पद्धत उशिराची. टांग काळात ते 'मोहेमो' असं लिहीत. म्हणून लेख मिंग काळात तयार करून जुना साल घातलेला मानतात. मशिदीच्या आजच्या इमारतीही मिंग आणि पुढच्या काळातल्या आहेत. वास्तू फार सुंदर आहे, तिचं चित्र जरूर लावा, पण खाली ७४२ लिहू नका.

रेशीमवाट_इंदूर:
मोडीवाचकांनी पाया घातला, मी ६५१ बद्दल लिहिते. हे साल टांग घराण्याच्या दरबारी इतिहासात आहे: योंगह्वी काळाचं दुसरं वर्ष, सम्राट गाओझोंग, 'दाशी' देशाचा वकील नजराणा घेऊन आला. दाशी म्हणजे अरब. वकिलाने सांगितलं की आमच्या राज्याला ३४ वर्षं झाली आणि तीन राजे झाले. तीन राजे बरोबर बसतात, कारण तेव्हा तिसरे खलिफा उस्मान गादीवर होते. ३४ मात्र बसत नाहीत, मागे मोजलं तर ६१७-१८ येतं. तेव्हा त्या आकड्यावर कुठलंही दुसरं गणित उभारू नका.

फलकावर नेमका शब्द हवा तो 'वकील'. नोंद राजकीय भेटीची आहे. कोणी धर्मांतर केलं, मशीद बांधली, सम्राटाने परवानगी दिली, यातलं एक अक्षर तिथे नाही. सादांचं नावही टांग काळच्या कुठल्या नोंदीत नाही. ते मोठे सेनापती होते, कादिसियाची लढाई जिंकणारे. त्यांचा मृत्यू सुमारे ६७४ मध्ये मदिनेजवळ झाला आणि दफनही मदिनेलाच. ग्वांगझौच्या कबरीखाली 'परंपरेने साद इब्न अबी वक्कास यांची मानली जाणारी कबर' एवढंच लिहा. त्या जागेवर शेकडो वर्षं श्रद्धेने लोक येतात, तो इतिहास खराच आहे आणि त्याचा मान ठेवून लिहिता येतं.

६२८ च्या स्वप्नाची गोष्ट छिंग काळातल्या (१६४४ नंतरच्या) लोकप्रिय पुस्तिकेतून पसरली. सम्राटाच्या स्वप्नात राक्षस येतो, फेटेवाला माणूस त्याला हुसकतो, मग पश्चिमेकडे माणसं पाठवून त्याला शोधतात. तशीच आणखी एक कथा सतराव्या शतकातल्या फूजियान प्रांताच्या वर्णनग्रंथात आहे: वूद काळात (६१८ ते ६२६) चार शिष्य आले, एक ग्वांगझौला, एक यांगझौला, दोघे च्वानझौला. च्वानझौबाहेर लिंगशान टेकडीवर त्या दोघांच्या म्हणून कबरी दाखवतात. हिजरतच ६२२ ची. मदिनेतल्या त्या लहानशा, वेढल्या गेलेल्या जमातीने चौघांना इतक्या लांब धाडलं याला समकालीन आधार नाही. या कथा वेगळ्या चौकटीत 'परंपरा सांगते' म्हणून द्या.

सगळ्यात जास्त फसगत दू ह्वानच्या बाबतीत होते, म्हणून जरा सविस्तर. ७५१ मध्ये तलास नदीकाठी गाओ शिआनझीची टांग फौज आणि झियाद इब्न सालिहची अब्बासी (अरब खलिफांची) फौज भिडली. कार्लुक तुर्कांनी ऐनवेळी बाजू बदलली आणि टांग फौज मोडली. कैदेत गेलेल्यांत दू ह्वान होता. तो ७६२ मध्ये व्यापारी गलबतातून ग्वांगझौला परतला आणि प्रवासवर्णन लिहिलं. मूळ ग्रंथ गेला, पण त्याचा नातलग दू यौ याने ८०१ मध्ये पुऱ्या केलेल्या 'तोंगदियान' कोशात त्याचे उतारे घेतले, तेवढेच उरले. त्यात आहे: दिवसातून पाच वेळा प्रार्थना, बायका बाहेर पडताना चेहरा झाकतात, डुकराचं मांस आणि दारू वर्ज्य, दर सात दिवसांनी राजा प्रार्थनेला येऊन उंच आसनावरून उपदेश करतो, हजारो माणसं मावतील असं प्रार्थनागृह. कूफा शहरात काम करणाऱ्या चिनी विणकरांची आणि चित्रकारांची नावंसुद्धा तो देतो.

मेख अशी की हे सगळं वर्णन इराकचं आहे. बरेच जण हा उतारा 'आठव्या शतकातल्या चिनी मशिदीचं वर्णन' म्हणून छापतात. चिनी माणसाने इस्लाम जवळून पाहून लिहिलेला हा फार मोलाचा मजकूर आहे, पण चीनमधल्या मुसलमानांबद्दल तो काही सांगत नाही.

तलासच्या लढाईने मध्य आशिया मुसलमान झाला, हेही वाक्य टाळा. टांग सत्ता तिथून निघाली ती ७५५ मध्ये टांगांचाच सेनापती आन लूशान याने घरात बंड केल्यावर, सरहद्दीवरची फौज मागे बोलवावी लागली म्हणून. त्याच बंडात ७५७ ला राजधानी परत घ्यायला निघालेल्या सैन्यात उइघुरांबरोबर दाशी लोकांचाही उल्लेख आहे. हे शिपाई पुढे तिथेच राहिले आणि चिनी बायका करून त्यांनी घरं वसवली, ही नंतरची परंपरा.

फलक_इंदूर:
ताई, मोडीवाचक, दोघांचे मनापासून आभार. शुहूर सनाचं उदाहरण तर थेट फलकावरच घेतो, इथे होळकरी कागद पाहणाऱ्यांना ते लगेच कळेल. पण मग वस्ती कधी झाली? वकील आला आणि गेला. तिथे राहणारे मुसलमान पहिल्यांदा कुठे दिसतात?

ताम्रपट_वडोदरा:
बंदरात दिसतात. वकिलांपेक्षा व्यापारी महत्त्वाचे, आणि त्यांची वाट आपल्या किनाऱ्यावरून जात होती.

काटेकोर पुरावा ८५१ च्या अरबी ग्रंथात आहे, चीन आणि हिंद यांच्या वृत्तांताचा. सुलेमान व्यापाऱ्याच्या नावावर तो सांगितला जातो, पण मूळ लेखक निनावी आहे. पुरवणी सिराफच्या (इराणी आखातातलं बंदर) अबू झैदने दहाव्या शतकाच्या सुरुवातीला जोडली. खानफू, म्हणजे ग्वांगझौ, इथे चीनच्या राजाने एका मुसलमानाला तिथल्या मुसलमानांचा न्यायाधीश नेमलं आहे, तो सणाला नमाज पढवतो आणि खुतबा, म्हणजे प्रवचन, देतो, असं त्यात आहे. न्यायाधीश नेमावा लागतो तिथे माणसं वर्षानुवर्षं राहत असतात. म्हणून वस्तीसाठी ८५१ हे भक्कम साल.

जकातीची पद्धतही लिहिली आहे. गलबत आलं की माल सरकारी वखारीत जमा. हंगामातलं शेवटचं गलबत येईपर्यंत, सहा महिन्यांपर्यंत, मालाची जबाबदारी सरकारवर. मग दहातले तीन भाग सरकार ठेवून घेई आणि उरलेला माल व्यापाऱ्याला परत. वाऱ्यावर चालणारा व्यापार, एका वाऱ्याने जायचं आणि उलट्या वाऱ्याने परतायचं. मधले महिने बंदरातच काढावे लागत. वस्ती होण्याचं मुख्य कारण हे मोसमी वारे आणि ही थांबलेली वखार. कोणी धर्मप्रसारक आल्याने ती झाली नाही. मार्ग असा दाखवा: सिराफ, मस्कत, कोल्लम, मलाया किनाऱ्यावरचं कलाह, खानफू.

वस्तू दाखवायची असेल तर इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ १९९८ मध्ये सापडलेलं गलबत घ्या. फळ्या खिळ्यांनी न ठोकता दोरीने शिवलेल्या, पश्चिम हिंदी महासागरातली पद्धत. आत सुमारे ६०,००० चिनी भांडी, बहुतेक छांगशाच्या भट्ट्यांमधली. एका वाडग्यावर ८२६ शी जुळणारी चिनी तारीख.

हे शांतपणे चालत होतं असं मात्र दाखवू नका. ७५८ मध्ये अरब आणि इराणी लोकांनीच ग्वांगझौवर हल्ला केला, वखारी लुटल्या, घरं जाळली आणि समुद्रमार्गे निघून गेले. ७६० मध्ये यांगझौला तियान शनगोंगच्या सैन्याने कित्येक हजार परदेशी व्यापारी कापले. ८३६ मध्ये ग्वांगझौचा सुभेदार लू जुन याने परदेशी आणि चिनी लोकांनी वेगळं राहावं, आपसात लग्नं करू नयेत, परक्यांनी जमीन-घर घेऊ नये असा हुकूम काढला. म्हणजे तोवर या तिन्ही गोष्टी होत होत्या! ८७८-७९ ला ह्वांग छाओच्या बंडात ग्वांगझौ पडलं. अबू झैद मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती आणि पारशी धर्माचे मिळून १,२०,००० मेले असं सांगतो, दहाव्या शतकातला अरब इतिहासकार मसूदी दोन लाख म्हणतो. अबू झैद स्वतः चीनला गेला नव्हता, पण आकडा कुठून आला ते तो सांगतो: या लोकांची शिरगणती करासाठी ठेवलेली होती. फलकावर आकडा द्या, पण 'अबू झैदच्या मते' हे शब्द गाळू नका. तुतीची झाडं तोडल्याने रेशीम आटलं, असंही तो लिहितो. त्यानंतर पश्चिमेचे व्यापारी कलाहपर्यंतच जाऊ लागले.

आता आपल्या वाचकासाठी. त्याच ८५१ च्या ग्रंथात जगातले चार मोठे राजे दिले आहेत: अरबांचा, चीनचा, रूमचा (बायझंटाईन) आणि बल्हारा. बल्हारा म्हणजे राष्ट्रकूट, तेव्हा मान्यखेटला अमोघवर्ष होता. बल्हाराला अरबांबद्दल सर्वांत जास्त आपुलकी आहे, असं तो ग्रंथ म्हणतो. राष्ट्रकूटांच्याच गुजरात शाखेच्या ८१२ च्या ताम्रपटात वडपद्रक गावाचं दान आहे, म्हणजे आमचं वडोदरा. खानफूला न्यायाधीश नेमला तशी व्यवस्था आपल्या किनाऱ्यावर दोन ठिकाणी दिसते. चिंचणीच्या ताम्रपटात (शके ८४८, म्हणजे ९२६) ताजिक (अरब) मधुमती, म्हणजे मुहम्मद, संजाण मंडळाचा कारभारी आहे. आणि मसूदी ९१६ च्या सुमाराला चौलला सुमारे १०,००० मुसलमान आणि त्यांचा स्वतःचा प्रमुख असल्याचं लिहितो. एक फरक मात्र दाखवा. खानफूचा न्यायाधीश फक्त मुसलमानांपुरता होता, मधुमतीकडे अख्खं मंडळ होतं. राष्ट्रकूटांनी परक्या माणसावर टाकलेला हा भरवसा टांगांपेक्षा पुष्कळ मोठा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेशीमवाट_इंदूर:
ताम्रपट, संजाण-खानफू जोडी उत्तम. एकच भर: सोंग काळात ग्वांगझौच्या परदेशी वस्तीला 'फानफांग' आणि प्रमुखाला 'फानझांग' म्हणत. बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या चिनी टिपणांप्रमाणे वस्तीतल्या गुन्ह्याचा निवाडा ग्वांगझौचं सरकारी कार्यालय करी, आणि शिक्षेची अंमलबजावणी फानफांगकडे सोपवी. म्हणजे स्वतःचा प्रमुख असला तरी शेवटचा शब्द सरकारचा. 'चीनमध्ये मुसलमानांना पूर्ण स्वतंत्र कायदा होता' असं वाक्य बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं, ते घेऊ नका.

फलक_इंदूर:
आजचे चिनी मुसलमान, हुइ लोक, याच बंदरातल्या व्यापाऱ्यांचे वंशज म्हणायचे का? आणि च्वानझौच्या मशिदीचं साल कोणी १००९ देतं, कोणी १३१०. कोणतं?

मोडीवाचक_ग्वाल्हेर:
पहिल्याचं थोडक्यात: काही अंशी. बंदरातल्या वस्त्या किनाऱ्यापुरत्या होत्या. मध्य आशियातून आणि इराणातून माणसं मोठ्या संख्येने आत आली ती तेराव्या शतकात, मंगोल सत्तेखाली: कारागीर, शिपाई, हिशेबनीस, अंमलदार. बुखाऱ्याचा सय्यद अजल शम्सुद्दीन १२७४ ते १२७९ युन्नानचा सुभेदार होता. म्हणून नकाशावर दोन रंग ठेवा, एक टांग-सोंग काळातल्या बंदरांना, दुसरा युआन (मंगोल) काळातल्या आतल्या प्रांतांना. एकाच रंगात रंगवलं तर पाहणाऱ्याला वाटेल की धर्म ६५१ पासून सारखा पसरत गेला, आणि तसं झालेलं नाही.

च्वानझौच्या मशिदीचं उत्तर तिच्याच अरबी शिलालेखात आहे. मशीद हिजरी ४०० मध्ये बांधली आणि ७१० मध्ये शिराझच्या अहमदने दुरुस्त केली, असं तो म्हणतो. जंत्री हाताशी नसेल तर हिजरी आकड्याला ०.९७०२ ने गुणा आणि ६२१.६ मिळवा. ४०० चे होतात ३८८.१, बेरीज १००९.७, म्हणजे १००९-१०. ७१० चे ६८८.८, बेरीज १३१०.४, म्हणजे १३१०-११. हिजरी वर्ष दोन इसवी सालांत पडतं, म्हणून जोडसाल लिहा. आणि नुसते ६२२ मिळवायची चूक करू नका, ४०० चे १०२२ होतील.

दोन्ही सालं बरोबर आहेत, पण त्यांचं वजन सारखं नाही. १३१०-११ हे कोरणाऱ्याच्या स्वतःच्या काळचं साल आहे. १००९-१० हे त्याने तीनशे वर्षांनंतर सांगितलेलं. फलकावर असं येऊ द्या: 'शिलालेखाप्रमाणे बांधकाम हिजरी ४०० (१००९-१०), दुरुस्ती हिजरी ७१० (१३१०-११)'. ग्वांगझौच्या हुआइशंग मशिदीचं असंच. मनोरा सुमारे ३६ मीटरचा, चित्र चांगलं येतं, पण 'सातव्या शतकातली मशीद' लिहू नका. १३४३ ला ती जळाली, १३५० ला पुन्हा बांधल्याचा अरबी आणि चिनी लेख तिथेच आहे, तेच साल खाली द्या.

ताम्रपट_वडोदरा:
मथळ्याखाली ओळ एकच हवी असेल तर: '६५१: टांग दरबारात अरब वकील. ८५१: ग्वांगझौच्या मुसलमान वस्तीची नोंद.' मधली दोनशे वर्षं कोरी सोडू नका, तिथे बेलितुंगचं गलबत आणि ८२६ चा वाडगा लावा. चौल आणि संजाण नकाशावर टाकताना सिराफ-कोल्लम रेषेवर ठेवू नका. चीनला जाणारी गलबतं मस्कतहून थेट कोल्लमला येत, आपली बंदरं वेगळ्या फाट्यावर होती, तो फाटा तुटक रेषेने दाखवा.